आडनाव कुलकर्णी: लेखणीचं वतन आणि मराठी वाङ्मय

मराठी समीक्षेची कुठलीही जुनी वाचनयादी काढून पाहावी. वा. ल. कुलकर्णी, गो. म. कुलकर्णी, व. दि. कुलकर्णी, द. भि. कुलकर्णी, भीमराव कुलकर्णी. भाषेच्या इतिहासाकडे वळलं तर ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ रचणारे कृ. पां. कुलकर्णी. आणि कथेकडे आलं की जी. ए. कुलकर्णी. ही एका घराण्यातली माणसं नव्हेत. गावं वेगळी, गोत्रं वेगळी, स्वभाव तर फारच वेगळे. पण आडनाव एकच असल्यामुळे ‘कुलकर्णी म्हणतात’ या वाक्याला मराठीच्या वर्गात काहीच अर्थ उरत नाही. कोण म्हणतात, हे आद्याक्षरांनीच सांगावं लागतं. आद्याक्षरं वापरण्याची पद्धत आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, पुलंना आणि गदिमांनाही. कुलकर्ण्यांच्या बाबतीत मात्र ती लाडाची नाही, गरजेची आहे. जीए, दभि, वदि या हाकांमध्ये आडनाव गळूनच गेलं आहे. एखादं आडनाव इतकं पसरलं, की नाव म्हणून त्याचा उपयोगच संपला.

माझंही आडनाव कुलकर्णी. त्यामुळे हा लेख थोडा घरचा आहे. पण त्यामागचा प्रश्न वाङ्मयाच्या वाचकाचा आहे. मराठी वाचक पुस्तकाच्या पाठीवरचं आडनाव आधी वाचतो आणि त्यावरून लेखकाची जात, प्रदेश, कधी कधी भूमिकासुद्धा ठरवून मोकळा होतो. हे वाचन कितपत खरं असतं? आणि ते खोटं ठरलं, तरी आडनावाचं ओझं किंवा आडनावाची सोय नाहीशी होते का? हे तपासायला कुलकर्णी हे आडनाव सोयीचं आहे. त्याचा उगम एखाद्या पूर्वजात किंवा गावात सापडत नाही. तो लेखणीत सापडतो.

शब्दापासून सुरुवात करू. ‘कुलकर्णी’ किंवा जुन्या लिहिण्यात ‘कुळकर्णी’. यातलं ‘कूळ’ म्हणजे घराणं, असं आज कुणालाही वाटेल. पण महसुलाच्या भाषेत कूळ म्हणजे जमीन कसणारं, सारा भरणारं खातं. १९४८ च्या कायद्याला आपण ‘कूळकायदा’ म्हणतो, तेच हे कूळ. जोतीराव फुले शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हणतात, तिथेही हाच शब्द आहे. दुसऱ्या भागाचं नातं ‘करण’, ‘करणिक’ या दफ्तर आणि लेखनिक अशा अर्थाच्या जुन्या शब्दांशी जोडलं जातं. म्हणजे कुळांचा हिशेब लिहून ठेवणारा तो कुळकर्णी. मराठी कानाला ‘करणी’ म्हटलं की जादूटोणाही ऐकू येतो. पुढे या आडनावाची वाङ्मयात जी प्रतिमा झाली, तिला हा श्लेष फारसा परका नाही.

गावात पाटील हा प्रमुख आणि कुलकर्णी हा लिहिणारा. तीच जोडी परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे अशी होती. ही पदं वतनी होती, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी. वतन वाटूनही घेता येत असे. भावाभावांत तक्षिमा पडत आणि कुलकर्णीपणाचं काम आळीपाळीने चाले. एका घराकडे अनेक गावांचं कुलकर्णीपणही असू शके. एवढं ध्यानात घेतलं की या आडनावाच्या प्रसाराचं कोडं उरत नाही. एक मूळपुरुष आणि त्याच्या शेकडो शाखा, असं हे झाड नाही. देशावर जितकी गावं, तितके त्याचे उगम आहेत. म्हणून कुलकर्णी-कुलकर्णी लग्न सर्रास होतं आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मराठ्यांच्या कुळींमध्ये शिंद्यांचं शिंद्यांत ठरवताना वडीलधारे दहा प्रश्न विचारतील. तिथे आडनाव रक्ताचं मानलं जातं, इथे ते नेमणुकीचं आहे.

जिथे ही व्यवस्था वेगळी होती, तिथे आडनावही बदललं. दक्षिण कोकणात खोती होती, तिथे खोत झाले. मराठवाड्यात आणि विदर्भात पटवारी आणि पांडे भेटतात. दक्षिणेला कानडी मुलखात काही अंतर कुलकर्णीच चालतात आणि मग शानभोग सुरू होतात. कुलकर्णी ऐकून माणूस मराठी की कानडी हे सांगता येत नाही. धारवाडला आयुष्य काढलेल्या जीएंना हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. जातही पुरती सांगता येत नाही. बहुसंख्य कुलकर्णी देशस्थ ब्राह्मण हे खरं, पण सीकेपी आणि सारस्वतांतही हे आडनाव आहे.

आणि मुळात हे आडनाव तरी होतं का? पुष्कळ घरांत ते होतं पद, आडनाव निराळंच. समर्थ रामदासांच्या घराण्याचं आडनाव ठोसर. जांब गावचं कुलकर्णीपण त्यांच्याकडे होतं. परंपरेनुसार ज्ञानदेवांच्या घराकडे आपेगावचं कुलकर्णीपण होतं. बहिणाबाईंचे वडील देवगावचे कुलकर्णी. पण यांच्यापैकी कुणीही रचनेखाली आडनाव घातलं नाही. संतांच्या नाममुद्रेत आडनावाला जागाच नाही. तिथे असतं स्वतःचं नाव, फार तर गुरूचं. एकनाथ स्वतःच्या नावापुढे जनार्दनस्वामींचं नाव जोडतात, बापाचं नव्हे. आडनाव प्रत्येकाला कायमचं चिकटलं ते पुढे, शाळेचा दाखला, कचेरी आणि छापखाना आल्यावर. तोवर जे पद होतं ते अनेक घरांत तेव्हा आडनाव म्हणून गोठलं, आणि ठोसरांसारखी मूळ आडनावं मागे पडली.

रामदासांचा उल्लेख निघालाच आहे, तर दासबोधातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पुन्हा वाचावा. ‘लेखनक्रियानिरूपण’ असं त्याचं नाव. अक्षर कसं वळणदार काढावं, ओळी कशा सारख्या ठेवाव्यात, कागद, शाई, बोरू कसे सांभाळावेत, याचा तो समास आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हे कुठून आलं, असा प्रश्न पहिल्या वाचनात पडतो. मला त्यात कुलकर्ण्याच्या घरातलं वळण दिसतं. मात्र रामदास ही विद्या दफ्तरातून काढून ग्रंथाच्या नकला करण्याकडे वळवतात. लेखणी तीच, काम वेगळं.

याहून ठळक उदाहरण महिपतीचं आहे आणि या लेखाचा मध्य मला तिथेच दिसतो. ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांचा कर्ता महिपती (१७१५–१७९०) नगर जिल्ह्यातल्या ताहराबादचा. घरात गावचं कुलकर्णीपण. त्याच्याविषयी परंपरेत सांगितली जाणारी गोष्ट अशी: एकदा तो पूजेत असताना जागीरदाराचा शिपाई बोलवायला आला आणि पूजा सोडून त्याला कचेरीत जावं लागलं. हिशेबाचं काम उरकून तो घरी परतला आणि त्याने त्या चाकरीची लेखणी कायमची खाली ठेवली. घराण्यात पुढेही कुणी ती हातात धरू नये, असं बजावलं म्हणतात. मग त्याने जे लिहिलं ते सगळं संतांबद्दल. गोरा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई यांच्या कथा घराघरांत गेल्या, त्यात महिपतीच्या ओव्यांचा वाटा मोठा आहे. आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला तरी तिचा आशय उरतो. कुणाकडे किती सारा थकला हे लिहिणाऱ्या घरातला माणूस, गावगाड्यात ज्यांची नोंद केवळ देणेकरी किंवा बलुतेदार म्हणून व्हायची, त्यांची चरित्रं लिहायला बसला. नोंदवही बदलली, म्हणून नोंदीतली माणसंही वेगळी दिसू लागली. महिपतीच्या कथांमध्ये चमत्कार फार आहेत आणि वर्णव्यवस्थेला तो मुळातून हात घालत नाही, हे आक्षेप योग्य आहेत. पण चोखोबाची कथा सांगण्यालायक आहे, हा निर्णय त्याचा आहे आणि तो लहान नाही.

आता महिपतीचं आडनाव. ते होतं कांबळे. ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मण, गावचा कुलकर्णी आणि आडनाव कांबळे! आजच्या मराठी वाचकासमोर ‘कांबळे’ एवढा एकच शब्द ठेवला, तर त्याला ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे आठवतील, दलित पँथरचे कवी अरुण कांबळे आठवतील. भक्तविजयकार आठवणार नाही. आडनावावरून जात ओळखण्याची आपली सवय किती अलीकडची आणि किती कच्ची आहे, हे दाखवायला मला याहून चांगला दाखला सुचत नाही. आडनावं जातींच्या मालकीची नव्हती. ती हळूहळू तशी वाटू लागली.

इथेच थांबलो, तर हा लेख माझ्यासारख्या कुलकर्ण्याला फार सोयीचा होईल. ‘आडनाव म्हणजे नुसतं पद, त्यात जात कुठे?’ असं म्हणून हात झटकता येतील. म्हणून दुसरं पुस्तक काढायला हवं. तेही त्याच नगर जिल्ह्यातून आलेलं आहे.

‘कुलकर्णीलीलामृत’ हे मुकुंदराव पाटलांचं ओवीबद्ध काव्य १९१३ साली प्रसिद्ध झालं. मुकुंदराव म्हणजे ‘दीनबंधू’कार कृष्णराव भालेकरांचे पुत्र. दत्तक गेल्यामुळे ते पाटील झाले आणि तरवडीसारख्या खेड्यातून त्यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक पत्र अनेक वर्षं चालवलं. ग्रंथाचं नाव वाचतानाच त्यातली थट्टा कळते. शिवलीलामृत, भक्तलीलामृत या मालिकेत देवाच्या नाहीतर भक्ताच्या जागी कुलकर्णी बसवलेला आहे. पोथीचा घाट तोच, ओवी तीच; लीला मात्र खोट्या नोंदींच्या, अडाणी शेतकऱ्याला कागदात गुंतवण्याच्या. महिपतीने ज्या घाटात संत गायले, त्याच घाटात मुकुंदरावांनी कुलकर्ण्याची आरती ओवाळली आहे. ही निवड नेमकी आहे. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोथी ऐकता येत होती. कुलकर्ण्याची सत्ता मोडीतल्या, इतरांना न वाचता येणाऱ्या कागदावर उभी होती. तिला उत्तर द्यायचं तर ते चावडीवर मोठ्याने वाचता येईल अशाच रूपात द्यायला हवं होतं.

या काव्याला आपल्या वाङ्मयेतिहासात प्रचारसाहित्य म्हणून बाजूला ठेवलं जातं. मला ते पटत नाही. एकाच साच्याचा खलपुरुष, अतिशयोक्ती, उघड हेतू हे दोष त्यात आहेत, पण उपहासकाव्यात हे दोष नेहमीच असतात. त्याची खरी कमाई अशी, की त्याने एका आडनावाला सामान्यनाम केलं. फुल्यांनी ‘ब्राह्मणाचे कसब’ (१८६९) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यांत हाच रोख धरला होता. मुकुंदरावांनी तो एका पदावर आणून टेकवला आणि गावच्या माणसाला रोज भेटणारा चेहरा त्याला दिला. दोनच वर्षांनी त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५) आला. महसूल खात्यात वावरलेल्या आत्र्यांनी पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, फिरस्ते अशी सगळी यंत्रणा शांतपणे उलगडून दाखवली. कुलकर्णी हा केवळ दुष्ट माणूस नसून एका यंत्राचा दात आहे, हे आत्र्यांकडून कळतं. तो दात कुणाला आणि कसा लागतो, हे मुकुंदरावांकडून. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हवीत.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्यावर केवढं वादळ उठलं हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं नष्ट करण्याचा कायदा १९५० साली झाला. पद गेलं, आडनाव राहिलं. आमच्या घरात माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागद होते. माझ्या वडिलांच्या पिढीपासून ते कुणालाच वाचता येत नव्हते. ज्या लिपीवर घराण्याचं वतन उभं होतं, ती दोन पिढ्यांत घरातून नाहीशी झाली आणि कुणाचं काही अडलं नाही. कारण वतनाचं खरं भांडवल लिपी नव्हतंच. घरातल्या मुलाने शिकायचंच असतं, ही खात्री ते भांडवल होतं. ती मोडीकडून बाळबोधीकडे, बाळबोधीतून इंग्रजीकडे सहज गेली. लेखाच्या सुरुवातीला जी समीक्षकांची यादी दिली, तिचं स्पष्टीकरणही इथे आहे. त्यांच्या रक्तात दफ्तर नव्हतं. महाविद्यालयांचे दरवाजे उघडले तेव्हा ते दाराशी उभे होते, इतकंच. हे म्हटल्याने वा. लं.चं किंवा दभिंचं काम उणं होत नाही. फक्त त्या यादीत एवढे कुलकर्णी का आणि बराच काळ एकही कांबळे का नाही, हे कळतं.

नोंदवहीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्यांनी आडनावाबद्दल काय लिहिलं, ते पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेत नाव घालण्याचा प्रश्न साऱ्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो. आई दलित, बाप गावचा सवर्ण पाटील, आणि बाप लेकराला नाव द्यायला तयार नाही. दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं? ज्याने नाकारलं त्याचंच आडनाव लेखक घेऊन फिरतो, आणि तेच आता मराठी वाङ्मयात एक मानाचं नाव आहे. फुटपाथवर सापडलेल्या नारायण सुर्व्यांना नाव-आडनाव मिळालं ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराकडून. तिथे रक्त नव्हतं, वतन नव्हतं. एका कामगाराने लेकरू उचललं आणि आपलं आडनाव त्याला दिलं. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथासंग्रहाच्या शीर्षकातच सारं आलं आहे. परक्या गावी खोली मिळवायची तर जात सांगून चालत नाही.

मला खोली भाड्याने घेताना असं काही करावं लागलेलं नाही. मालकाने आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि पुढची चौकशी नोकरीची आणि डिपॉझिटची झाली. वतन १९५० साली रद्द झालं हे कायद्याच्या पुस्तकात खरं आहे. त्या दारात ते चालू होतं.

स्त्रियांच्या बाजूने पाहिलं, तर आडनावाचं टिकाऊपण आणखीच संशयास्पद ठरतं. बाळूताई खरे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या, पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. बापाचंही नव्हे आणि नवऱ्याचंही नव्हे, असं तिसरंच आडनाव, गावावरून बेतलेलं. ही लेखिका नक्की कोण याचा शोध तेव्हा हिरिरीने घेतला गेला. टीकाकारांना पुस्तकाशी भांडण्याआधी आडनावामागचं घर हवं होतं.

आणि पुन्हा जीए. त्यांच्या सुरुवातीच्या कथांतली माणसं बेळगाव-धारवाडकडच्या घरांतली, नात्यागोत्यांत अडकलेली आहेत. ‘रमलखुणा’पर्यंत (१९७५) येता येता पात्रांची ही सारी नोंद गळून पडते. ‘प्रवासी’ला गाव नाही, आडनाव नाही, जात नाही. काही वाचकांना हे पलायन वाटलं. नियतीपुढचा नुसता माणूस दाखवायचा तर त्याच्या पाठीवरचे शिक्के काढायला हवेत, ही जीएंची गरज मला समजते. पण शिक्के काढून टाकण्याची मुभाही सर्वांना सारखी नसते, हे ‘अक्करमाशी’ शेजारी ठेवल्यावर कळतं. जीएंचा प्रवासी आडनाव टाकून निघू शकतो. लिंबाळ्यांच्या कथानायकाला आधी ते मिळवावं लागतं. दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही. त्यांच्यामधलं अंतर समीक्षेने मोजायला हवं.

म्हणून लेखकाचं आडनाव वाचूच नये, असा भाबडा सल्ला मी देणार नाही. वाचावं, पण त्यावरून जात ताडण्याऐवजी दुसरा प्रश्न विचारावा: या घराचं लेखणीशी नातं काय होतं? नोंद करणाऱ्याचं, नोंद होणाऱ्याचं, की नोंदीबाहेर राहिलेल्याचं? हा प्रश्न विचारला, की ताहराबादचा कांबळे आणि फलटणच्या बेबी कांबळे यांच्यातला फरकही दिसतो आणि दोघांनी केलेलं समान कामही. दोघांनीही गावाच्या दफ्तरात ज्यांची गोष्ट नव्हती, त्यांची गोष्ट लिहिली. एकाने हाती असलेलं दफ्तर सोडून, दुसरीने ते कधीच हाती नसताना. दुसरं काम कितीतरी अवघड होतं, आणि कुलकर्णी आडनावाच्या समीक्षकाने ते स्पष्ट लिहून ठेवायला हरकत नसावी. गावचं लिहून ठेवणं हेच तर त्या आडनावाचं मूळ काम होतं.